अकरावं

डिसेंबर लागला की कार्डं यायला लागायची.
कोपरखैरण्याला, दाताच्या दवाखान्याच्या वर
आमचं दोन खोल्यांचं रेडिओ स्टेशन;
खाली ड्रिल सुरू झालं की वर माइक बंद.
मी मोजणीला. पगार सांगण्यासारखा नव्हता.

'वर्षाची दहा गाणी'. गाणं यंदाचंच हवं.
एका कार्डावर एक मत, खाली नाव, पत्ता, सही.
नेरूळच्या एक बाई तीन गाणी लिहून दोन खोडायच्या,
खोडलेलीही वाचता येतील इतपतच.
ऐरोलीचे एक गृहस्थ गाण्याच्या जागी दरवर्षी
पाण्याच्या टाकीची तक्रार लिहायचे.
मत मी बाद करायचे. कार्ड ठेवून द्यायचे.

त्या वर्षी एका सुतळीत चाळीस कार्डं आली.
एकच निळी शाई, एकच अक्षर,
त्यातला ळ असा, की पाठीवर काहीतरी घेतलंय.
नावं चाळीस, गाणं एकच,
कुठल्याशा पडलेल्या सिनेमातलं;
आम्ही ते वर्षभरात चारदा लावलं असेल,
भर दुपारी, जाहिराती संपल्या म्हणून.

लबाडी, मी म्हटलं.
फाडून टाक, साहेब म्हणाले.
फाडताना पत्ता वाचला:
कांदा-बटाटा मार्केट, तुर्भे.

पायाखाली सालं, केसांत सालं,
हवेत कांद्याची सालं तरंगत होती.
मुकादमानं हाक मारली तशी
पोतं टाकून एकेक जण पुढे आला.
हैबती ढेबे. राऊ मानकुमरे. कोंडिबा साळेकर.
आधी नाव सांगायचे, मग गाणं,
गावाचं नाव सांगावं तसं.
लिहिणारा भिकू गोळे, सातवी पास;
आकडी कमरेला, पेन कानावर.

हेच गाणं का?
गोळे म्हणाला, कडवं उचलायच्या आधी
ती बाई दम घेती. ऐकू येतो.
बाकीच्यांना दमच लागत नाही, ताई.

सदतीस भरले.
एक गावी होता, पाय मोडून.
एक जूनमध्ये ट्रकच्या फाळक्याखाली गेला.
आणि एक कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही,
पण त्याला आवडायचं हे, तिघं-चौघं एकदम बोलले.

परत येऊन बेरजेला बसले.
गावी गेलेल्याचं मत धरलं.
उरलेली दोन कार्डं ड्रॉवरमध्ये ठेवली.
नियम होता. कुणी विचारणार नव्हतं, तरी होता.
दहावं गाणं एका मतानं पुढे गेलं.
चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं.
चुकलं नव्हतं.

एकतीसच्या रात्री दहापासून एककडे
उलटी यादी सुरू झाली. मी दारात उभी.
तुर्भ्याला कुठल्याशा गाळ्यात,
वजनकाट्यावर रेडिओ ठेवून बसले असतील.
दहावं लागलं: आपलं नाही.
नववं: हेही नाही. म्हणजे वर आहे.
पाचवं. म्हणजे बरंच वर आहे.
दुसरं लागेपर्यंत
त्यांचं गाणं चढत चढत
पहिल्या नंबरावर जाऊन पोचलं असेल.
हे कुठल्या रकान्यात मांडायचं,
मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा सुतळी.
तीच शाई, तोच वाकलेला ळ,
तेच गाणं; आता ते मागल्या वर्षीचं,
म्हणजे सगळीच बाद.
पहिली चाळीस नावं तीच. ते दोघंही त्यात.

एक्केचाळिसाव्या कार्डावर लिहिलं होतं:
सालमली ताई,
दाताच्या डाक्टरच्या वर.
सहीची जागा कोरी.