शून्य रुंदी

फ्लॉपी उघडली तेव्हा मुंबई अशी दिसली:
¨ÉÖÆ¤É<Ç
घाबरले नाही. सवय आहे.
सत्त्याण्णव साली, गिरगावातल्या
कुठल्याशा डीटीपीच्या दुकानात
आपल्या अक्षरांना स्वतःची जागा नव्हती.
रोमनच्या खोल्यांत पोटभाडेकरू म्हणून राहायची,
इच्या डोक्यावर रफार ठेवला
की ई व्हायची. भागायचं.
मग फॉन्ट गेला, दुकान गेलं,
उरलं हे,
सुपारी तोंडात धरून कुणी बोलावं तसं.

माझं काम साधं.
माटुंग्याच्या लॅबमध्ये
एसीच्या गळक्या नळीखाली बादली लावायची
आणि जुन्या चिन्हांना नवे क्रमांक द्यायचे.
वरळीच्या समुद्रात सांडपाण्याची नळी टाकण्याआधी
तळाची पाहणी झाली होती, तिच्या नोंदी.
एकशे बारा पानं.
आता नवी नळी, नवं मॉडेल,
आणि मॉडेलला मराठी वाचता यायला हवी.

तक्ता लिहिला, दोनशे चौदा ओळींचा.
रात्री साडेआठला चालवला.
मुंबई मुंबईसारखी दिसली.
गाळ, खडप, ओहोटी, सात वाव पाणी,
जो तो आपापल्या क्रमांकावर येऊन बसला.
मग पान एकेचाळीस:
"दर्यात दर्या आहेत. जाळी जपून."

तेहमिना मॅडम मागून वाचत होत्या.
"ही तर कविता झाली," म्हणाल्या, "घरी जा."

कविता नव्हती. चूक होती, माझी.
र राहतो शून्य नऊ तीन शून्यला.
त्याच्या शेजारच्या दारात, एकाच अंकापलीकडे,
तो दुसरा, पापणीसारखा वाकणारा.
फार थोड्यांना लागतो.
आपल्याला लागतो: वाऱ्याला, किनाऱ्याला,
आचाऱ्यांची आणि आचार्यांची
पानं वेगळी मांडायला.
तक्त्यात त्याची ओळच नव्हती,
आणि समुद्राच्या तळाच्या सगळ्या दऱ्या
मी एका रात्रीत बुजवल्या होत्या.

दोनशे पंधरावी ओळ घातली.
अकरापैकी दहा दऱ्या परत खोल झाल्या.
अकरावी होईना.
टाइप करणाऱ्यानंच तिथे रफार दिलेला,
कंटाळून, किंवा जाणून:
"दर्या बघून नळी वळवा."

आता इथे काय बघायचं?
वरचं पाणी की खालची खोली?
यंत्राला दोन्ही शुद्ध.
शब्दकोशाला दोन्ही मान्य.
नळीला मात्र एकाच बाजूला वळता येतं.

म्हणून रविवारी वरळी कोळीवाड्यात गेले.
मोरेश्वर भानजी त्या पाहणीच्या बोटीवर होते.
ओट्यावर बसून जाळ्याची भोकं शिवत होते,
सुई थांबवली नाही.
मी कागद धरला, बोटानं शब्द दाखवला,
पापणी असलेला, पापणी नसलेला,
दोन्ही मोठ्यानं वाचले.
त्यांना माझ्या उच्चाराचं हसू आलं.
"दर्या बघितल्याबिगर दऱ्या दिसतान का, बाय?"
"पण मी लिहू काय?"
पाण्याकडे बघितलं. पुलाकडे नाही, पाण्याकडे.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले.

परत येताना लक्षात आलं
की त्यांचं उत्तर त्याच अक्षरानं सुरू होतं.

लॅबमधलं जुनं यंत्र ते अक्षर सरळ घेत नाही.
र द्यावा लागतो, मग हलन्त,
मग एक चिन्ह, जे दिसत नाही.
त्याला क्रमांक आहे, रुंदी नाही.
दोघांच्या मध्ये उभं राहतं,
कसं जोडायचं तेवढं सांगतं,
आणि छापताना कुणी त्याचं नाव घेत नाही.

अकराव्या ओळीला मी हात लावला नाही.
शेजारी शेरा टाकला:
र्‍हाऊ दे. मो. भा., वरळी. नळी वळवण्याआधी विचारावे.

फाइल जपली.
यंत्रानं चिन्हं मोजली, माझ्या मोजणीपेक्षा
एक जास्त निघालं.
ओळ तेवढीच होती.
बादली भरली होती, ती ओतायला उठले.