आवक-जावक

निघाली तेव्हा ती फक्त बुटांची होती.
नव्या गोलकीपरला कॉलेजने बूट घेऊन दिले, एवढंच.
कॅन्टीनमागच्या नळावर दोन पोरं बोलली,
मी शेजारी डबा विसळत होते.

लकडी पूल ओलांडेपर्यंत तिला चाकं फुटली :
स्कूटर दिली म्हणे, जुनी, पण कागदपत्रांसकट.
नळस्टॉपला सिग्नलला थांबली तेवढ्यात
कुणीतरी वन-रूम-किचन जोडलं,
वारज्याला, भाडं ट्रस्टी भरतात.
संध्याकाळी खडकीच्या मैदानावर पोचली
तेव्हा पोराचं वय सत्तावीस झालं होतं,
गावाकडे बायको, एक मूल,
आणि बारावीची मार्कलिस्ट मयत चुलतभावाची.

मी जिमखान्याची लिपिक. अठरा वर्षं.
दोन रजिस्टरं माझी, आवक आणि जावक.
कागद आला की मी त्याला नंबर देते,
नंबर दिला की तो कुठेतरी अडकतो.
हिला नंबर नव्हता.

पोराचं नाव प्रणिल निगवेकर. कोल्हापूरचा.
पहिल्या दिवशी दारात चपला काढून उभा.
"मॅडम, फॉर्म हितंच द्यायचा न्हवं?"
हात एवढे, की अर्धा फॉर्म त्यांच्याखाली गेला,
डावी करंगळी मोडून वाकडीच बसलेली.
एकोणीस पूर्ण. दाखला मी पाहिलाय.
दत्तवाडीत चौघांत एक खोली,
मेसचे दोन महिने थकले की
काकू फोन मला करतात, का ते विचारलं नाही कधी.
बूट मात्र खरे. आल्मेडा सरांचे, त्यांच्या पायातले.
एक नंबर मोठे. पुढे कापूस.

मग नदीपलीकडच्या कॉलेजचं पत्र आलं, विद्यापीठामार्फत.
आवक क्रमांक चारशे बारा.
आठ आरोप, नावाचं शुद्धलेखन चुकलेलं.
तीन माणसांची समिती, सामोसे,
हाडांची टेस्ट करायची का यावर अर्धा तास.
मी फाइल काढत गेले,
दाखला, मार्कलिस्ट, स्थलांतर प्रमाणपत्र,
सगळं जागच्या जागी.
एकाने प्रवेशाचा फॉर्म उजेडात धरला.
माझ्या मानेवरून घाम उतरला.
"अक्षर छान आहे हो पोराचं," म्हणाला,
आणि ठेवला.

शेवटची तारीख वीस ऑगस्ट होती.
तो आला तेवीसला, आईला सीपीआरमधून घरी सोडून,
रात्रभर एसटीत उभा राहून.
मी शिक्क्याचं चाक मागे फिरवलं. तीन घरं.
कट्. कट्. कट्.
रजिस्टरात मी वर्षानुवर्षं
पानाखाली एक ओळ कोरी सोडते,
अक्षर नीट दिसावं म्हणून, असं मला वाटायचं.

आणि एकवीसला, म्हणजे त्याच्या आधी दोन दिवस,
शिरूरची एक खो-खोची पोरगी आली होती.
मयूरा थिटे. गुडघ्याला हळद.
"काल संपली मुदत," मी म्हणाले,
मान वर न करता,
पंख्याने उडणारे कागद सारखे करत.
तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही.
तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही घडलंच नाही.

शनिवारी फायनल. पेनल्टीला
समोरच्या स्टँडमधून ओरडले, "स्कूटर! ए स्कूटर!"
त्याने डावीकडे झेप घेतली, वाकड्या करंगळीने
बॉल खांबाबाहेर काढला,
उठला, माती झटकली,
आणि एवढ्या गर्दीत मला शोधून हात केला.
मी पर्समध्ये रुमाल शोधत राहिले.

आज सकाळी शिक्क्याची तारीख बदलली.
एकच घर, पुढे.
टेबलापलीकडून शिपाई गव्हाणे वाकला,
"मॅडम, ऐकलंत का?
वारज्याला नव्हे म्हणे तो फ्लॅट. बावधनला.
टू बीएचके."
मी म्हणाले, "लिफ्ट आहे का विचारा."
आणि शाईच्या पॅडवर थोडं पाणी टाकलं,
वाळत चाललं होतं ते.