उतरताना

बिरकत अल मौजच्या नाक्यावर पोलिसाने वाकून पाहिलं,
फोर-व्हील आहे ना,
मग हात हलवला, आणि डोंगर सुरू झाला.
आम्ही पाच जण, एक पातेलं
(कुकर शरयू घरीच विसरलेली),
आणि सगळ्यांत मिळून दोन स्वेटर.
रुवीत स्वेटर मागितला की दुकानदार हसतो.

वर सैकला गुलाब संपत आलेले.
मातीच्या भट्टीत शेवटच्या पाकळ्या उकळत होत्या,
भिंती काजळीने काळ्याकुट्ट.
म्हाताऱ्याने तळहातावर थेंब टाकला:
आधी धूरच आला नाकात, गुलाब मागाहून.
"आमच्या चुलीसारखा," तौफिक म्हणाला,
बाणकोटचा तो, परकारांचा,
आणि हात माझ्यापुढे धरला.
मी हुंगला.
जरा जास्तच वेळ.

रात्री भात शिजता शिजेना.
कणी दाबून बघायची, झाकण ठेवायचं,
पुन्हा बघायची.
थंडीने दात वाजत होते तेव्हा
न विचारता त्याने आपला स्वेटर दिला.
बाह्या बोटांवरून खाली लोंबत होत्या,
मी दुमडल्या नाहीत.

उतरताना गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती,
माझ्या कानांना दडे बसलेले.
तिसऱ्या की चौथ्या वळणावर तो काहीतरी बोलला,
ओठ हलले तेवढे दिसले.
मी म्हटलं, हो.

नाक्याशी जांभई आली, कान मोकळे झाले.
एसीची घरघर, शरयूचं घोरणं.
काय म्हणालास रे,
जिभेवर होतं.
तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला.
बाहेर अडतीस अंश.
स्वेटर मी अंगातच ठेवला.