शनिवारचा भार

कायानीच्या नियंत्रण कक्षात हिल्क्काची पाळी.
बाहेर उणे सव्वीस.
शनिवार, संध्याकाळचे सहा;
घरोघर सॉना तापायला लागले
की लाइनच्या शेपटाकडे
व्होल्टेज मान टाकतं.

यंत्रणा शहाणी आहे.
कुणाच्या गाडीचं चार्जिंग थांबवते,
कुणाचा बंब तासभर पुढे ढकलते.
दोनशे सात, दोनशे अकरा, दोनशे एकोणीस...
सावरलं.

आज मात्र फारसं सावरावंच लागलं नाही.
हिल्क्का आकडे मागे मागे नेते.
तळ्यापलीकडच्या शेवटच्या मीटरवर
म्हाताऱ्या ओस्मो केत्तुनेनचे सहा किलोवॅट
तीन शनिवार आलेच नाहीत.

पडदा हिरवागार.
कमी भाराची घंटा
कुणी बसवलेलीच नाही.

ती फोन लावते.
रिंग जाते आहे.
त्या टोकाला व्होल्टेज दोनशे तीस,
असायला हवं
अगदी तेवढंच.