पोचपावती

उमाकांत, तुझं पहिलं बाड मी तोललं होतं.
सहाशे चाळीस ग्रॅम, सुतळीनं बांधलेलं,
वर पुण्याचा पत्ता,
प्रकाशकातला श खोडून पुन्हा श.
तू विचारलंस, "पोचेल ना?"
जणू मी पोस्टात नाही, देवळात बसले होते
कौल लावायला.

एकोणीस दिवसांनी ते परत आलं.
सहाशे पस्तीस.
पाच ग्रॅम कुठे गेले, रात्रभर शोधत राहिले.
सुतळीच्या जागी चिकटपट्टी होती,
एवढंच.
बुधाजी पोस्टमनला म्हटलं, हे उद्या दे,
आज त्याच्या बहिणीला बघायला मंडळी यायची आहेत.
हे तुझ्या कुठल्याच कादंबरीत नाही.
तुला माहीतच नाही तर कुठून असणार.

चार वेळा गेलं, चार वेळा आलं.
पाचव्यांदा नुसतं पाकीट.
पातळ.
मी शिक्का मारला तो तिरका पडला.

मग वेंगुर्लं छापून येऊ लागलं.
काजूच्या कारखान्याचा भोंगा, बंदरावरचा दिवा,
कामतांच्या दुकानातली उधारीची वही,
आणि माझ्या आईची बोटं.
काजूच्या तेलानं सोललेली ती बोटं,
तू लिहिलंस, जांभ्यासारखी.
मुंबईच्या पेपरानं तेवढी ओळ चौकटीत छापली.
जांभ्यासारखी नव्हती रे.
ती चमच्यानं जेवायची. आमटीचं मीठ झोंबायचं म्हणून.
अख्ख्या वाडीत चमचा फक्त आमच्या घरी,
लोक म्हणायचे, खवणेकरीण साहेबीण झाली.

तुझा मुलगा प्रत्येक पुस्तकात पंधरा वर्षांचा.
धक्क्यावर बसतो, होड्या मोजतो,
कुणाच्या तरी प्रेमात पडतो आणि शेवटच्या प्रकरणात
सकाळची एसटी पकडतो.
एसटी गेल्यावर स्टँडवर काय होतं
ते मी तुला सांगू शकले असते.
झाडूवाली येते.

दुसऱ्या कादंबरीत तू मला बुडवलंस.
नाव बदललंस, नलू केलंस,
पण डाव्या भुवईवरची खोक तशीच ठेवलीस.
त्या पुस्तकाला दिल्लीचं बक्षीस.
तार माझ्याच हातातून गेली.

परवा कोल्हापूरहून एक मुलगी आली, प्रबंधासाठी.
म्हणाली, नलू बुडाली ती पायरी दाखवा.
नेलं मांडवीच्या खाडीवर.
ओहोटी होती, घोट्याच्या जरा वर पाणी.
ती फोटो काढत होती,
मी चपला हातात धरून
त्याच पाण्यात उभी.
जरा बाजूला व्हा, म्हणाली, फ्रेममध्ये येताय.

सत्काराला मी चौथ्या रांगेत होते.
शाल तुझ्या खांद्यावरून सारखी घसरत होती.
नंतर चहाच्या टेबलाशी गाठलं तुला:
"माका बुडवलंस कित्याक रे?
माका पेवाक येता, तुका ठावक आसा."
तू बशीत बघत म्हणालास,
"पुस्तक संपत नाय होता गो."
एवढं खरं तू कुठल्या मुलाखतीत बोलला नाहीस.
तेवढ्यात कोणीतरी सहीसाठी पेन पुढे केलं.

आता तुझं पत्र आलंय, रजिस्टर, पोचपावतीसह.
अक्षर कोलमडलेलं, पिनकोड चुकलेला,
तरी आलं. इथे तुझं सगळं येतं.
"डोळ्यांमुळे लिहिणं बंद आहे.
नलू जगली असती तर तिनं काय केलं असतं?
सावकाश कळव."
सोबत पत्ता घातलेलं कोरं पाकीट.

आठ दिवस ते फळीवर आहे, तांदळाच्या डब्याखाली,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.
बत्तीस वर्षं पत्रं तोलली मी, उमाकांत,
लिहिलं एकही नाही.

काल पोस्टात गेले, एक तिकीट घेतलं.
काउंटरवरच्या नव्या पोरीनं सहज विचारलं,
कोणाला, मावशी?
म्हटलं, आहे गावचाच एक.
पूर्वी यायचा इथे
वजन करून घ्यायला.