पोटात पाय

पाऊस लागला की गॉबनेट बाहेर पडते,
कपाळाला टॉर्च, गळ्यात वही,
गुडघ्यांना बांधलेलं जुन्या टायरचं रबर.
बेरा द्वीपकल्पावरचे वालुकाश्म रात्री भिजून काळे होतात
आणि त्या काळ्यावर आणखी काळं काहीतरी
दगडफूल खात बसलेलं असतं.
बिनशंखाची गोगलगाय, अंगभर पिवळट ठिपके.
हात लावला की तिचा चेंडू होतो.
असं दुसरी कुणी करत नाही, गॉबनेट सांगते,
घरचं पोर शाळेत पहिलं आल्यासारखं.

नकाशात ती दोनच ठिकाणी आहे.
इथे, आयर्लंडच्या नैर्ऋत्येला,
आणि खाली स्पेन-पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात.
मधे समुद्र. इंग्लंड कोरं. फ्रान्स कोरा.
कुणी म्हणतं हिमयुगाच्या काठाकाठाने आली,
कुणी म्हणतं दारूच्या पिंपांसोबत,
कुणा भिक्षूच्या रोपाच्या मातीतून.
गोगलगाय ती, पोटात पाय.
कबूल करायची नाही.

आणि ठिपक्यांचं तरी काय, गॉबनेट म्हणते,
जिथे माझे गुडघे पोचले तिथे ठिपका.
त्या टेकडीमागे कुंपण आहे, आत बैल आहे, मारका,
म्हणून शास्त्राप्रमाणे तिथे काहीच राहत नाही.

मार्चमध्ये गॅलिसियाचा ट्रॉलर धक्क्याला लागला.
एलादिओ, बर्फखान्यावरचा, बोट कापून घेतलेला,
दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी येऊन बसला.
तिच्या मांडीवर जॅमची बरणी.
तो वाकला. लेस्मा, म्हणाला.
आमच्याकडे तपकिरी असते,
आईच्या चेस्टनटच्या राईत, पोकळ बुंध्यांमध्ये.
लहानपणी आम्ही बोटाने टोचून चेंडू करायचो.

गॉबनेटने वही उघडली.
कुठली राई? कुठल्या उतारावर?
त्याने फडकं गुंडाळलेल्या हाताने
मासळीच्या पावतीमागे रेघ ओढली:
चर्च, वळण, झरा, आईचं घर.
मग पेन थांबलं.
तिथे आता निलगिरी आहे.
मूळची ऑस्ट्रेलियाची, कागदाच्या गिरणीसाठी लावलेली,
रांगेत उभी. खाली सालपटं नि सालपटं.

ताजी नोंद असेल तर ठिपका भरीव.
जुनी असेल तर पोकळ, नुसतं कडं.
गॉबनेटने कडं काढलं,
बाजूला त्याचं नाव, साल अंदाजे सत्त्याऐंशी.

रात्री तिने बरणी
जिथून उचलली त्याच दगडावर आडवी केली.
चेंडू सुटायला बराच वेळ लागला.
टॉर्च विझवून ती भिजत थांबली.