उलटा शोध

रात्री साडेनऊला ग्रामपंचायतीच्या सर्व्हरची
कुणीतरी कडी वाजवत होतं.
बत्तीस वेळा चुकीचा पासवर्ड,
मग तेहेतिसावी वेळ.
नोंदीत नाव नाही, नुसता आकडा:
२०३.०.११३.४७

काळ्या खिडकीत मी एक ओळ टंकली.
ह्या अवजाराला चित्र नाही, बटण नाही.
आकडा द्यायचा, नाव मागायचं
आणि कर्सरची लुकलुक बघत बसायचं.
आधी ते आकडाच उलटा करून घेतं,
४७.११३.०.२०३,
शेपटाकडून डोक्याकडे,
मग दारोदार विचारत जातं:
ह्याला काय म्हणतात?

बाकावर शालिकराम नान्हे, निवृत्त पोस्टमन,
घरी पंखा बंद म्हणून इथे बसलेले.
"पाकिटावर असाच राहते," ते म्हणाले,
"पयले मानूस, मंग आळी, मंग मुक्काम पोस्ट."

उत्तर आलं:
२०३-०-११३-४७, आणि मागे कुठल्याशा कंपनीचं शेपूट.
"हा त म्हशीचा नाव म्हैस ठेवल्यावानी झाला माय."

मग मी आमचाच आकडा विचारला.
मांडवघाट पुनर्वसन, टॉवरवरून मिळालेला.
नाव नाही.
चूकही नाही, नुसतं: नाव नाही.
कुणीतरी बसून लिहावं लागतं ना,
की ह्या आकड्याला हे म्हणा.
आपल्यासाठी कोण बसणार?

शालिकराम न बोलता घरी गेले
आणि एक वही घेऊन आले, रेक्झिनचं कव्हर, मधे सुतळी.
धरणाचं पाणी चढलं, आम्हाला भूखंड मिळाले,
एक ते दोनशे चौदा.
पत्रं मात्र येत राहिली
ढिवरपुऱ्याच्या, चिंचेखालच्या, बुडालेल्या पत्त्यांवर.
तेव्हा त्यांनी वही केली.

११२. दुर्पता मारबते. डोंगे बांधत तिथली.
९. इसन चाचेरे. दार मागून.
३०, ३१. दोघे भाऊ. बोलत नाहीत. टपाल वेगवेगळे द्यावे.

अकरापर्यंत मी टंकत राहिले,
ते चष्मा सरकवत वाचत राहिले.
नाव मिळालं म्हणून ते खरंच असतं असं नाही,
नावावरून पुन्हा आकडा विचारून बघायचा.
दुर्पता मारबते?
एकशे बारा.
एकशे बारा?
दुर्पता मारबते.
"बरोबर," ते म्हणाले, जणू मनीऑर्डरवर सही झाली.

कडी वाजवणारा मधेच कधीतरी थांबला होता,
तरी त्याचा आकडा मी अडवून ठेवला.

एकसष्टपाशी ते थांबले.
वहीत शाई बदललेली, अक्षर तेच:
कोणी आले नाही. टपाल आल्यास ठेवून घेणे.
"हाही लिहू?"
"लिव ना. भूखंड त आहे."
तसंच्या तसं टंकलं.
मग म्हणाले, विचार आता त्याला.
मी एकसष्ट दिलं.
शालिकराम बाकावरून पुढे झुकले,
एक हात कानामागे.